आरशातली चांदणी

आरसेवाल्यांना 'प्रयुक्त' हा शब्द फार आवडला. कारखान्यात त्यांना वेल्डर म्हणत, बॉयलरच्या पोटात शिरले की आरसेवाले म्हणत, साहेब चिडले की आणखीही बरंच काही म्हणत; पण प्रयुक्त त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मानसशास्त्राच्या प्रयोगात ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस म्हणजे प्रयुक्त, असं बायकोनं समजावून सांगितलं तेव्हा ते खुर्चीत ताठ झाले.

"म्हणजे तुझ्या परीक्षेत मी मुख्य माणूस."

"मुख्य मी," बायको म्हणाली. "तुम्ही गप्प बसून सांगितलं तेवढं करायचं."

"मग ते तर सव्वीस वर्षं करतोच आहे."

आरसेवाले हे नाव त्यांना कामानं दिलं होतं. बॉयलरच्या आत पोलादी नळ्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि त्यांची पाठ भिंतीला. पुढून जोड घालणारे पन्नास मिळतील. मागचा जोड घालायचा तर नळीच्या मागे हात घालायचा, तिथे एक छोटा आरसा तारेनं बांधायचा आणि त्या आरशात बघत काम करायचं. हात आपल्याकडे ओढला की आरशात तो लांब जाताना दिसतो, लांब नेला की जवळ येतो. चांगले चांगले वेल्डर पहिल्या दिवशी नळीऐवजी स्वतःची बाही जाळून घेतात. अख्ख्या कारखान्यात हे काम दोघांनाच जमे, आणि त्यातला दुसरा गेल्या वर्षी निवृत्त झाला होता.

जोड घालून झाला की दुसऱ्या दिवशी त्याचा एक्स-रे निघतो. तपासनीस ती फिल्म दिव्यासमोर धरतो. आत पोकळी असली तर काळा ठिपका दिसतो आणि जोड नापास होतो. काही हुशार लोक वाईट जोड वरून घासून आरशासारखा चकचकीत करून ठेवतात. आरसेवाल्यांना या लोकांचा एवढा राग, की 'घासलेला जोड' ही त्यांच्या घरात शिवीच झाली होती. मुलीनं शाळेत असताना प्रगतिपुस्तक लपवलं, घासलेला जोड. नळदुरुस्तीवाल्यानं गळक्या नळाला नुसता रंग फासला, घासलेला जोड. पाहुण्यांसमोर कुणी गोड गोड बोललं, तरी आत जाऊन दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघून तेच दोन शब्द म्हणत.

मुलगी नोकरीला लागून परगावी गेली, आणि तिला बसमध्ये बसवून आल्याच्या तिसऱ्या दिवशी बायकोनं कॉलेजचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला. वय वर्षं शेहेचाळीस. विषय मानसशास्त्र, वर्ष पहिलं. आरसेवाल्यांनी फॉर्म दोनदा वाचला आणि विचारलं, "हे शिकून काय होतं?"

"माणूस असा का वागतो ते कळतं."

"माझ्याबद्दल काही कळलं तर आधी मला सांग."

वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. ती हिला काकू म्हणायची आणि तासाला हिच्या वहीतून उतरवून घ्यायची. घरी जेवताना हिचा दुसरा तास चाले, आणि त्या वर्गात एकच विद्यार्थी होता. आकड्यांची लांबलचक रांग लक्षात राहत नाही, पण तीन-तीनचे तुकडे पाडले की राहते. दोन माणसांनी एकच अपघात पाहिला तरी दोघं दोन वेगळे अपघात सांगतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. एक दिवस तिनं त्या घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. आरसेवाले हसले. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती; नेमका तेव्हाच कारखान्याचा बाराचा भोंगा झाला, आणि नुकताच भरपेट नाश्ता केलेला हा माणूस उठून डबा शोधायला लागला. बायको हसून हसून खाली बसली.

"मला कुत्रा म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं? भोंगाच म्हणाला."

ही गोष्ट आरसेवाल्यांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यात स्वतःच सगळ्यांना सांगितली. स्वतःची फजिती सांगताना माणूस सहसा थोडा आखडता हात घेतो. यांनी चार गोष्टी पदरच्या घातल्या. कारण फजिती त्यांची असली तरी हुशारी बायकोची होती, आणि ती सांगायला त्यांना कुठलंही निमित्त पुरे होई.

पण पहिल्या वर्षी ती प्रात्यक्षिकात नापास झाली. लेखी पेपरात उत्तम मार्क आणि प्रयोगाच्या परीक्षेत धाडकन आपटली. तेव्हा प्रयुक्त म्हणून आरसेवाल्यांची बहीण गेली होती. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आकडे बरोबर आले नाहीत," आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती. आरसेवाल्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी मनाशी समजूत करून घेतली, की या परीक्षेत आकडे देखणे आले पाहिजेत, आणि आपल्या बहिणीला तेवढंही जमलं नाही. बहिणीशी ते आठवडाभर तुटक बोलले. बिचारीला कारण कळलंच नाही.

कॉलेजचा नियम असा, की प्रात्यक्षिकाला दोनच संधी. दुसऱ्यांदा नापास झालं तर विषय सोडायचा. म्हणून या वेळी आरसेवाल्यांनी रजा टाकली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्वतः प्रयुक्त व्हायला निघाले.

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर सगळ्या विद्यार्थ्यांचे प्रयुक्त बसले होते: कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण, कुणाचा शेजारी. आत विद्यार्थ्यांनी चिठ्ठ्या उचलल्या. ज्याच्या चिठ्ठीत जो प्रयोग तो त्यानं करायचा. आरसेवाल्यांच्या शेजारी एक मिशीवाला माणूस बसला होता. तो दोन पुतण्यांनंतर आता पुतणीसाठी, असा तिसऱ्यांदा आला होता आणि आता स्वतःला प्राध्यापक समजत होता.

"सोपं असतं हो," मिशीवाला म्हणाला. "कुठलाही प्रयोग येऊ दे. शिकण्याचा असला की सुरुवातीला चुका भरपूर करायच्या, मग कमी कमी करत जायचं. ग्राफ वरून खाली घरंगळत आला पाहिजे. आला की पास. आडवा राहिला की परीक्षक विचारतात, यात शिकणं कुठंय? झालं, गेली पोरगी."

"पण जमलंच पहिल्या फटक्यात तर?"

"तर जमलं नाही असं दाखवायचं! आपण आपल्या माणसासाठी आलोय की नाही?"

आरसेवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या वर्षी आकडे बरोबर का आले नाहीत ते त्यांना, त्यांच्या मते, आत्ता कळलं.

प्रयोगशाळेचा शिपाई हाक मारायला आला. टेबलापलीकडे बायको उभी होती, गळ्यात स्टॉपवॉच, हातात पॅड. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीच नव्हतं.

"या. बसा," ती म्हणाली. "आपण आरामात बसलात ना?"

सव्वीस वर्षांत तिनं त्यांना 'आपण' म्हटलं नव्हतं. आरसेवाल्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. त्यांनी मान हलवली.

"आपण हा प्रयोग यापूर्वी केला आहे का?"

"नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मग त्यांनी समोर पाहिलं. लाकडी पाट, त्यावर कागद, कागदावर दुहेरी रेघांची एक चांदणी. चांदणीपलीकडे उभा आरसा. आणि हाताच्या वर एक आडवा पत्रा, म्हणजे हात सरळ दिसू नये, आरशातच दिसावा. दोन रेघांच्या मधल्या वाटेनं पेन्सिल फिरवायची, रेघेला लागली की चूक. आधी उजव्या हातानं सहा फेऱ्या, मग डाव्या हातानं एक.

बाकीच्या प्रयुक्तांना हे कोडं वाटलं असतं. आरसेवाल्यांना ते घरचं अंगण वाटलं. पत्र्यामागे हात, समोर आरसा, आणि आरशात उलटा चालणारा आपलाच हात. इथं धूर नव्हता, ठिणग्या नव्हत्या, पाठीत वाकायचं नव्हतं, चुकलं तर नळी फुटून कुणी भाजणार नव्हतं. त्यांना ती चांदणी डोळे मिटून काढता आली असती.

आणि नेमकं तेच करायचं नव्हतं.

"सुरू," बायको म्हणाली आणि स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

आरसेवाल्यांनी चुका केल्या. पहिल्या कोपऱ्यावर पेन्सिल भरकटवली, दुसऱ्यावर उलटी नेली, मध्ये थोडं थरथरल्यासारखं केलं. प्रत्येक चूक ते मनात मोजत होते. पहिल्या फेरीत तीस. दुसरीत पंचवीस. तिसरीत वीस. वाईट काम करायचं तर तेही मापात करावं, अशी त्यांची घडण. सहाव्या फेरीला बरोबर पाच उरल्या. डाव्या हातानं त्यांनी दहा केल्या, म्हणजे फार हुशारी वाटू नये.

बायको दर फेरीनंतर कागद काढून घेई, चुका मोजी, आकडा लिही. चौथ्या फेरीनंतर तिचा हात किंचित थांबला होता. ते यांनी पाहिलं नाही. हे आपल्या कलाकृतीत गुंग होते.

"आता प्रयुक्ताचं निवेदन," ती म्हणाली. "प्रयोग करताना आपल्याला काय वाटलं, ते आपल्या शब्दांत सांगा."

"अवघड होतं," आरसेवाले म्हणाले. "मग हळूहळू जमायला लागलं."

पेन कागदावर टेकलंच नाही. तिनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. शेजारच्या टेबलावर कुणाची तरी मैत्रीण शब्दांची यादी आठवत पुटपुटत होती.

"अहो," बायको हळू आवाजात म्हणाली, आणि त्या एका 'अहो'त सगळं आपण-बिपण विरघळून गेलं. "हा घासलेला जोड आहे."

आरसेवाल्यांचे कान तापले. भर बॉयलरमध्ये तापले नव्हते एवढे.

"तीस, पंचवीस, वीस, पंधरा. जिन्याच्या पायऱ्या असतात तशा. आणि चूक करायच्या आधी दर वेळी तुमचा हात थांबतोय. जो चुकतो त्याचा हात चुकल्यावर थांबतो. तुम्ही आधी थांबताय, जागा बघताय आणि मग चुकताय."

"अगं, तुझ्यासाठीच ना," ते कुजबुजले. "ग्राफ खाली आला नाही तर नापास करतात म्हणे. मागच्या वेळी आकडे बरोबर आले नाहीत म्हणूनच तर..."

"मागच्या वेळी आकडे आलेच नाहीत." तिनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "ताई निम्म्यात उठून गेल्या, त्यांना चक्कर आली. पोरं म्हणाली, काकू, उरलेले मनानं टाका, सगळेच टाकतात. मी टाकले. परीक्षकांनी दोन मिनिटांत ओळखलं. मी वाईट आकड्यांनी नापास झाले नाही. चांगल्या आकड्यांनी झाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली. आणि तुम्हाला सांगायची तर जास्तच. रोज जेवताना एक्स-रेच्या गोष्टी ऐकवणारा माणूस तुम्ही."

आरसेवाल्यांना बहिणीशी आठवडाभर तुटक बोललेलं आठवलं. समोरच्या आरशात त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता आणि तो बघायची त्यांची इच्छा नव्हती.

परीक्षा संपायला पाऊण तास उरला होता. ग्राफ काढायचा होता, निष्कर्ष लिहायचा होता. आहेत ते आकडे ठेवले असते तर कुणाला कळलं नसतं. उतार सुरेख होता, मिशीवाल्यानं पाठ थोपटली असती. बायकोनं सगळ्या आकड्यांवरून एकच तिरकी रेघ मारली, खोडरबर लावला नाही, आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मग नवे कागद काढले.

"आपण पुन्हा आरामात बसा," ती म्हणाली. "आणि या वेळी तुमचं काम दाखवा."

आरसेवाल्यांनी पेन्सिल धरली. पहिल्या फेरीत एक चूक झाली, खरीखुरी, कारण डोळ्यांत थोडं पाणी होतं. पुढच्या पाच फेऱ्यांत एकही नाही. डावा हात, शून्य. पेन्सिल रेघांच्या मधून अशी गेली, की जणू ती वाट तिच्यासाठीच पाडली होती. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आपली यादी विसरून बघत राहिली आणि तिच्या मैत्रिणीचे आकडे बिघडले.

बाहेरून आलेले परीक्षक किडकिडीत होते आणि चष्मा कपाळावर ठेवून शोधत असत. ते टेबलापाशी आले, पॅड उचललं आणि तिरक्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"पहिला संच बाद केलाय, सर. कारण खाली लिहिलंय."

त्यांनी मोठ्यानं वाचलं. "प्रयुक्तास अपेक्षित निकालाची कल्पना परीक्षेआधी मिळाली होती. प्रयोगकर्तीस मदत व्हावी म्हणून त्याने मुद्दाम चुका केल्या." त्यांनी आरसेवाल्यांकडे बघितलं. "हे कोण तुमचे?"

"नवरा."

"हं. आणि हा दुसरा संच तर पार आडवा झोपलाय. यात शिकणं कुठंय?"

आरसेवाल्यांनी ते ओळखलं. मिशीवाल्याचं वाक्य जसंच्या तसं. त्यांना वाटलं, मध्ये पडावं, सगळं आपल्यावर घ्यावं. पण प्रयुक्तानं गप्प बसायचं असतं. ते गप्प बसले. एवढं अवघड काम त्यांनी बॉयलरमध्येही केलं नव्हतं.

"शिकून झालंय, सर," बायको म्हणाली. "हे आरशात बघून वेल्डिंग करतात. सव्वीस वर्षं. उतार आहे, पण तो या कागदावर नाही, त्याच्या आधीचा आहे. कागद जिथं सुरू होतो तिथं त्यांचं शिकणं संपलेलं आहे. पहिल्यांदा करणाऱ्याचा ग्राफ खाली येतो हे पुस्तकात बरोबरच आहे. मी पहिल्यांदा करणारा माणूस आणला नाही, हे चुकलं."

"व्यवसाय तर तुम्हीच लिहिलाय इथं. वेल्डर. मग चिठ्ठी बदलून का नाही मागितलीत?"

"लक्षातच आलं नाही, सर. घरात ते आरसेवाले नसतात. नवरा असतात."

परीक्षक हसले नाहीत, पण चष्मा कपाळावरून नाकावर आला. "याचे दोन मार्क जातील."

"जाऊ देत."

"आणि तो आधीचा उतार. तो होता हे तुम्ही सांगता. कशावरून?"

"चुका मीच मोजत होते, सर."

परीक्षक थांबले. बायकोनं सांगितलं. लग्न नुकतंच झालं होतं. हे आरशाचं काम शिकायला लागले आणि रोज बाही जाळून, तोंड पाडून घरी येत. मग संध्याकाळी चहा झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर नळीचा तुकडा बांधायचा, मागच्या बाजूला खडूची रेघ ओढायची, तिचा हातआरसा डब्याला टेकवायचा आणि आरशात बघत त्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची. ती नळीच्या मागच्या बाजूला बसून मोजायची, कितीदा घसरली. रोजचा आकडा भांड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लिहायची, कारण कागद घरात हरवायचे. चार महिने.

"तो आकडा अजून आहे?"

"आहे. पण कपाट परीक्षेला आणता येत नाही, सर."

"नाही," परीक्षक म्हणाले. "आणि जो पुरावा समोर नाही तो मी धरू शकत नाही." ते पुढच्या टेबलाकडे गेले.

दोघं घरी निघाले. तिला पास-नापासचं काही कळत नव्हतं, आणि त्यांना एकच गोष्ट खुपत होती. आपली बायको खरं बोलली आणि समोरचा माणूस म्हणाला, पुरावा नाही. त्यांच्या धंद्यात असं कुणी म्हटलं की फिल्म आणून दिव्यासमोर धरतात. बोलत बसत नाहीत.

परीक्षा दोन दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाजारात गेली तशी आरसेवाल्यांनी पेचकस काढला, कपाटाच्या दाराचे सहा स्क्रू सोडवले, दार चादरीत गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून पायी कॉलेजात गेले.

"काका, फर्निचर मागच्या दारानं," शिपाई म्हणाला.

"फर्निचर नाही. एक्स-रे आहे."

परीक्षक चहा पीत होते. आरसेवाल्यांनी दार भिंतीला टेकवून उभं केलं आणि चादर काढली. आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत पेन्सिलीच्या बारीक आकड्यांच्या चार रांगा होत्या. वर एक्केचाळीस, अडतीस, मग पुन्हा चाळीस, तेहेतीस. मध्ये कुठे हळदीचं बोट लागलं होतं, कुठे लहान मुलीनं नंतर केव्हातरी मारलेल्या रेघोट्या होत्या. अगदी खाली दोन, एक, एक, शून्य.

परीक्षकांनी कप खाली ठेवला आणि उकिडवे बसले. त्यांचं बोट आकड्यांवरून सावकाश खाली उतरत गेलं. एका जागी अडलं.

"इथं नवावर आला होतात. दुसऱ्या दिवशी एकदम सत्तावीस?"

"त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं."

"कशावरून?"

"ते तिनं लिहिलेलं नाही," आरसेवाले म्हणाले. "पण सत्तावीस लिहिलंय. माझ्यावर एवढी चिडलेली असतानासुद्धा अठ्ठावीस लिहिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी समेट झाला तेव्हा त्याचे पंचवीस केले नाहीत."

परीक्षकांनी सत्तावीसवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "कालच्या तुकडीची गुणपत्रिका कालच बंद झाली. या दारानं एकही मार्क वाढणार नाही."

"वाढवू नका. दोन कापलेत ते बरोबर कापलेत. नापास केलं असेल तरी मी काही बोलणार नाही." आरसेवाल्यांनी दारावर हात ठेवला. "तुम्ही म्हणालात, पुरावा समोर नाही. तो समोर आणला. माझी बायको आत्ता दोन वर्षांपूर्वी मोजायला शिकली नाही, साहेब. एकदा चुकली, मागच्या वर्षी. बाकी सगळं आयुष्य ती खरंच मोजत आलीय. तुम्हाला हे माहीत असावं एवढंच."

परीक्षकांनी खिशातून वही काढली आणि विचारलं, "हे आकडे मी उतरवून घेऊ का?"

"ते तिला विचारा. तिचे आहेत."

घरी भांडी उघडी पडली होती आणि बायको कमरेवर हात ठेवून बिनदाराच्या कपाटासमोर उभी होती. चोर दार कशाला नेईल, या विचारात ती बहुधा बराच वेळ असावी. आरसेवाल्यांनी सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग हसली, मग ओट्याला टेकून रडली, आणि शेवटी म्हणाली, "दार आधी लावा, धूळ जातेय."

निकाल तीन आठवड्यांनी लागला. पन्नासपैकी एक्केचाळीस. वर्गातली पोरं घरी पेढे मागायला आली आणि स्वयंपाकघरात शिरून थबकली. भांड्यांच्या कपाटाचं दार उलटं बसवलेलं होतं. आतली बाजू बाहेर, आणि पेन्सिलीच्या चार रांगा सगळ्या घराला दिसत होत्या.

"अहो काकू, दार उलटं लागलंय."

"मला काय विचारता? वेल्डरला सुतारकाम दिलं की असं होतं," बायको म्हणाली.

"उलटं नाही," आरसेवाले म्हणाले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि सगळ्यांदेखत शेवटच्या शून्याखाली एक्केचाळीस असा आकडा लिहिला.

बायकोनं पाहिलं. "अहो, वरचे सगळे आकडे चुकांचे आहेत. लोकांना वाटेल मी एक्केचाळीस चुका केल्या."

आरसेवाले विचारात पडले. मग त्यांनी पेन्सिल तिच्या हातात दिली, आणि सव्वीस वर्षांनी पुन्हा त्या दारावर लिहायला तिला जागा करून दिली. तिनं आकड्यापुढे 'पास' असं लिहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत कंसात, नेहमीच्या बारीक अक्षरात: दोन कापून.